म्हातारीची ओहोटी

१

ज्या गावात गल्ल्याच पाण्याच्या, तिथं आधी पाण्याची वेळ बघायची आणि मग विमानाची. ओर्सोलाला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचा बाप वल्हं मारत म्हातारा झाला होता आणि मामा अजून मालाची नाव हाकत होता. त्यातून जानेवारीचा पहिला पंधरवडा. बेफाना म्हातारी पोरांच्या मोज्यांत गोळ्या टाकून जाते आणि जाताना कालव्यांतलं पाणी सोबत नेते, असं व्हेनिसमध्ये म्हणतात. म्हणून या दिवसांतल्या ओहोटीला म्हातारीची ओहोटीच म्हणायचं. कालव्यांचे तळ उघडे पडतात, नावा चिखलात बसतात आणि विमानतळावर जाणारा माणूस बॅगा डोक्यावर घेऊन पूल चढतो-उतरतो. सामान जड असेल तर पाणी उतरायच्या आत निघायचं.

सामान जडच होतं. ओर्सोलाचं शिवणयंत्र होतं, नवऱ्याची, तुल्लिओची, कामाची हत्यारं होती, आणि सासूबाईंनी रात्रीतून भरलेली एक निळी बॅग होती. ती उचलताना तुल्लिओच्या तोंडून शिवी निघाली.

"काय घातलंयस आई यात?"

"मक्याचं पीठ," नॉर्माबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि कांदा-व्हिनेगरमधली मासळी, बरणीत. सांडू नकोस."

"तिकडे मिळतं हो आई मक्याचं पीठ," ओर्सोला म्हणाली.

"मिळत असेल. पण ते मक्याचंच असेल कशावरून?"

नॉर्माबाई वाईट नव्हत्या. सगळा घोटाळा तिथंच होता. वाईट असत्या तर सोडून जाणं किती सोपं झालं असतं. नॉर्वेतल्या जहाजांच्या कारखान्यानं तुल्लिओला बोलावल्यापासून दोन वेळा तिकिटं फुकट गेली होती. एकदा आईच्या छातीत धडधडलं, एकदा घरातला पाणी तापवायचा बंब बिघडला. दोन्ही वेळा तासाभरात छाती आणि बंब आपोआप बरे झाले. आता कारखान्यानं निरोप धाडला होता: या सोमवारी हजर व्हा, नाहीतर येऊच नका. ओर्सोलाच्या लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, पण नवऱ्याची नाडी तिला कळली होती. आजचं विमान चुकलं तर तुल्लिओ पुन्हा बॅग भरणार नव्हता. मग ती याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी, सासूबाईंच्या डाव्या हाताला बसून म्हातारी होणार होती. तिनं ते चित्र रोज पाहिलं होतं. त्या चित्रात ती फारशी दुःखीही नसायची. तिला भीती वाटायची ती त्याचीच.

नाने मामाची नाव घराच्या पाण्याकडच्या दाराशी लागली. धुकं इतकं दाट की समोरच्या घराची नुसती सावली दिसत होती.

"चला जावईबापू! आधी सामान, मग माणूस. आणि शेवटी अक्कल, ती मागून आली तरी चालेल."

हा या गावाचा जुना रिवाज. जड सामान आधी नावेत किंवा पायरीवर ठेवायचं, मग रिकाम्या हातांनी माणसानं जायचं. भरल्या हातांनी पाय टाकणारा पाण्यात जातो. तुल्लिओनं शिवणयंत्र उचलून पायरीच्या कडेशी आणलं आणि तिथंच थबकला.

"मामा, नाव जवळ घ्या ना."

"जवळच आहे."

जवळ नव्हती. पायरी आणि नाव यांच्यात हातभर पाणी दिसत होतं. मामानं दोर ओढून नाव पुन्हा भिडवली. यंत्र आत गेलं. निळी बॅग आणेपर्यंत पुन्हा हातभर अंतर.

"दोर कुणी सैल केला? तुम्ही का हो, जावईबापू?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"तेच म्हणतो. हात लावला असता तर एव्हाना निघालो असतो."

ओर्सोला दोराकडे बघत होती. दोर सैल नव्हता, ताठ होता, चाबकासारखा. तिनं कालव्यावर नजर टाकली. बांधून ठेवलेल्या सगळ्या नावांचे दोर तसेच ताणलेले होते, एकाच दिशेला. ओहोटी नावांना ओढत असणार, तिनं स्वतःला समजावलं. मग तिनं पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर संत्र्याचं एक साल तरंगत होतं. ते जागचं हललं नाही.

नॉर्माबाई खालच्या पायरीवर आल्या, शाल घट्ट लपेटून. रडल्या नाहीत. मुलाची कॉलर सारखी केली, मग सुनेचीही केली.

"पोचलात की फोन करा."

"करतो, आई," तुल्लिओ म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही निघाला की ओर्सोलानं स्वतःच नाव पायानं ढकलली.

२

आंधळ्या वळणावर नाववाला "ओएऽऽ" अशी हाळी देतो. पलीकडून कुणी येत असेल तर तो उत्तर देतो आणि आपण कुठल्या अंगानं जाणार ते सांगतो. नाने मामाच्या घराण्यात याला आणखी एक शेपूट होतं: ज्यानं उत्तर दिलं त्यानं थांबायचं, आणि हाळी देणारा निघून जाईपर्यंत हलायचं नाही. उत्तर म्हणजे दिलेला शब्द. ओर्सोला बोलायच्या आधी हे उत्तर द्यायला शिकली होती, असं तिचा बाप कौतुकानं सांगायचा.

"ओएऽऽ!" मामानं पहिल्या वळणावर हाळी दिली.

उत्तर आलं नाही. सकाळच्या त्या वेळी कचऱ्याची नाव असते, पावाची असते, खिडक्यांची दारं आपटत असतात, कुणीतरी कुणालातरी कॉफी उतू गेल्याबद्दल ओरडत असतं. आज इंजिनाच्या टुकटुकीखेरीज काही नव्हतं. मामाची हाळी भिंतींवर आपटून परत आली एवढंच.

दुसऱ्या वळणावर ती परत आली, पण जरा उशिरा. तिसऱ्या वळणावर आणखी उशिरा. मामा पुढचं वाक्य बोलायला लागला होता आणि त्याच्या वाक्यावर त्याचीच हाळी येऊन पडली.

"धुक्यात आवाज ओला होतो," मामा म्हणाला. "जड होतो. तुमच्या बॅगेसारखा."

तुल्लिओ हसला. ओर्सोलालाही हसू आलं, पण तिचं मन आपलं हिशेब करत राहिलं. भिंती जवळ असल्या की आवाज लगेच परततो. उशिरा परतला तर भिंती लांब असतात. आणि भिंती तर तिथंच होत्या, हात लांबवला तर बोटांना लागतील अशा. निदान धुक्यातून तशा वाटत होत्या. तिनं हात लांबवून बघितला नाही. बघितलं आणि बोटांना काही लागलं नाही, तर ते तिला आज परवडणार नव्हतं.

शेवटच्या पुलाखालून नाव बाहेर पडली आणि उघड्या खाडीत आली.

३

खाडीत विमानतळाकडे जाणारी वाट लाकडी खांबांनी आखलेली असते. तीन-तीन ओंडके एकत्र बांधून तळात ठोकलेले. एका खांबापासून दुसरा दिसला पाहिजे, असं धुक्यातलं गणित. त्या सकाळी एका खांबापाशी पोचल्यावर दुसऱ्याची नुसती शंका यायची. मामानं वेग कमी केला.

तुल्लिओ निळ्या बॅगेवर बसला होता, गुडघे जवळ घेऊन. तो म्हणाला, "मामा, एवढ्या धुक्यात विमान तरी उडेल का?"

"उडेल. विमानाला खांब लागत नाहीत."

"नाही, म्हणजे, परत फिरलो तर कुणी नावं ठेवणार नाही. कारखान्यालाही समजेल. धुकं काय आपल्या हातात असतं?"

मामानं मान वळवून भाचीकडे पाहिलं. ओर्सोला पुढं बघत होती. हेच ते, तिला वाटलं. छाती, बंब, आणि आता धुकं. याच्या आईला काही करावंसुद्धा लागत नाही.

"विमान आहे अजून वेळेवर," ती म्हणाली. "मी बघितलं."

"मी आपलं म्हटलं गं."

"म्हटलंस. ऐकलं."

मामा खोकला आणि त्यानं नव्या लग्नाच्या माणसांमध्ये न पडण्याचं शहाणपण दाखवलं.

तेवढ्यात समोरून हाळी आली.

"ओएऽऽऽ."

लांब, सपाट, घाई नसलेली. जुनी माणसं वल्ह्यावर असताना द्यायची तशी. ओर्सोलाच्या तोंडून उत्तर गेलं तेव्हा तिला आपण तोंड उघडलंय हेही कळलं नव्हतं.

"ओएऽ! उजवीकडून!"

मामाचा चेहरा तिनं आयुष्यात असा पाहिला नव्हता. तो चिडला नव्हता. तो ऐकत होता.

"ओर्से," तो हळू म्हणाला, "हाळी कुठं देतात?"

"वळणावर."

"इथं वळण कुठंय, पोरी?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंना सपाट पाणी, त्यावर पांढरं धुकं. पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत कोपरा म्हणून नाही. मोकळ्या पाण्यात हाळी देणारा माणूस म्हणजे मैदानात उभं राहून दार ठोठावणारा माणूस.

"मुरानो बेटावरून कुणीतरी ओरडलं असेल," तुल्लिओ म्हणाला. "धुक्यात आवाज लांबून येतो."

"असेल," मामा म्हणाला, आणि त्यानं इंजिन बंद केलं.

"मामा, बंद नका करू," ओर्सोला म्हणाली. "विमान—"

"उत्तर तू दिलंस. मी दिलं असतं तरी थांबलो असतो." मामानं नाव खांबाला भिडवून दोर टाकला. "तुझ्या बापानं कर भरला नाही, चर्चला गेला नाही, तुझ्या आईच्या वाढदिवसाला कधी घरी नव्हता. पण उत्तर देऊन पुढं घुसला, असं एकदाही झालं नाही."

४

आधी पाणी उतरलं. खांबावर पाण्याची रेघ असते, तिच्याखाली शेवाळ, त्याखाली काळे शिंपले. ओर्सोलाच्या डोळ्यांसमोर शेवाळ उघडं पडलं, मग शिंपले, मग कुणी कधी न पाहिलेलं, मऊ पडून झिजलेलं जुनं लाकूड. नाव खांबाच्या अंगानं खाली खाली जात होती, विहिरीत सोडल्यासारखी. लाट नव्हती, ओढ नव्हती. कुणीतरी मोठं येताना माणसं जशी न बोलता बाजूला सरतात, तसं पाणी सरत होतं.

मग प्रतिध्वनी आला. मामाच्या बुटाची टाच फळीवर वाजली आणि तो आवाज लगेच परत आला, स्पष्ट, अरुंद कालव्यात येतो तसा. डावीकडे भिंत होती.

ती नव्हती तेव्हा तिथं काहीच नव्हतं, आणि होती तेव्हा ती नेहमीच तिथं असल्यासारखी होती. ओल्या विटा, उडालेला गिलावा, त्यावर मिठाचे पांढरे ओघळ. ती सरकत होती. फार हळू, पुढून मागं, एखादी जहाजाची कड धक्क्यावरून सरकावी तशी. ओर्सोलानं मान वर केली. भिंतीला अंत नव्हता, धुकंच काय ते वर संपत होतं. उंचावर एका खिडकीत दिवा पिवळा दिसत होता. वाळत घातलेली एक चादर होती, हलत नव्हती. कुठल्यातरी मजल्यावर रेडिओवर बाई हवामान सांगत होती. एक खिडकी उघडली, कुणीतरी टेबलावरचं कापड बाहेर झटकलं आणि पावाचा चुरा ओर्सोलाच्या बाहीवर पडला.

तिनं खाली पाहिलं. भिंत जिथं संपायला हवी तिथं ती संपली नव्हती. तिच्याखाली ओंडके होते. या गावाच्या पायात लाखो झाडं ठोकलेली आहेत, हे इथलं पोर शाळेत पाठ करतं आणि विसरतं. आता ती झाडं उभी होती, एकमेकांना चिकटून, काळी, बुंध्यांमधून पाणी गळत, खाली, आणखी खाली, नजर पोचेना इतकी. अख्खं रान आपल्या पाठीवर घरं घेऊन निघालं होतं आणि त्या रानाच्या चालीचा कणभरसुद्धा आवाज नव्हता.

भीती वाटायला हवी होती. भीतीसाठी आत जागाच उरली नव्हती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं पहिल्यांदा समुद्र पाहिला होता, तेव्हा ती रडली नव्हती, हसली नव्हती, नुसती बापाच्या केसांना घट्ट धरून श्वास सोडायला विसरली होती. तसंच झालं. मामानं डोक्यावरची लोकरी टोपी काढून छातीशी धरली होती.

मग दार आलं. पाण्याकडचं, हिरव्या रंगाचं, अर्धं उघडं. त्याच्यापुढं पायरी, आणि पायरी नावेच्या कडेशी अगदी सारख्या उंचीवर येऊन लागली.

"आलं की घर," तुल्लिओ म्हणाला.

त्याच्या आवाजात इतकी सुटका होती की ओर्सोलाला क्षणभर त्याची माया आली. "मामानं वळवली वाटतं नाव. बरं केलंत मामा. खरंच, बरं केलंत." तो उठला. जन्मभर केलं तेच त्यानं केलं. आधी सामान. दोन्ही हातांनी निळी बॅग धरली आणि पायरीवर ठेवायला उचलली.

ती उचलली गेली नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. पिठानं ती फळीला चिकटवल्यासारखी बसली होती. एवढाच वेळ ओर्सोलाला मिळाला. तिनं मागून त्याचा कोट पकडला, दोन्ही मुठींत.

"आपलं नाही हे."

"अगं, दार बघ ना—"

"सगळ्यांची दारं हिरवी असतात. दुसऱ्याचं आहे. बस खाली."

दाराआड जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या. वरून कुणाच्यातरी सपातांचा आवाज येत होता, फरशीवर घासत, सकाळच्या कामाला लागलेल्या बाईचा. आपण खरं बोललो की खोटं, हे ओर्सोलाला माहीत नव्हतं. तिनं त्या दाराकडे नीट पाहिलंच नव्हतं. मुद्दाम पाहिलं नव्हतं. ती नवऱ्याच्या मानेकडे बघत राहिली, जिथं सकाळी आईनं कॉलर सारखी केली होती.

पायरी नावेपासून सुटली. बोटभर, हातभर, मग धुक्यानं मधे अंग घातलं. भिंत जात राहिली. किती वेळ जात होती ते कुणी सांगू शकणार नाही. एक घर नव्हतं ते, एक गल्लीही नव्हती.

सगळं गेल्यावर पाणी शहाण्या मुलासारखं परत आलं आणि खांबावरच्या आपल्या रेघेवर जाऊन थांबलं.

५

विमानतळाच्या धक्क्यावर धुकं विरळ झालं होतं. हमाल चेष्टामस्करी करत होते, सामानाच्या गाड्यांची चाकं किरकिरत होती. विमान वेळेवर होतं. तुल्लिओ गाडी आणायला गेला तसा मामा घाईघाईनं म्हणाला, "कबरस्तानाच्या बेटाची भिंत होती ती. धुक्यात वाहवत गेलो तिकडे. दरवर्षी कुणीतरी जातं."

"कबरस्तानाच्या भिंतीला खिडक्या असतात, मामा?"

मामानं टोपी डोक्यावर नीट बसवली. "पोरी, मला एकट्याला परत त्याच पाण्यातून जायचंय. भिंत म्हण."

"भिंत होती," ओर्सोला म्हणाली.

"हां. शहाणी माझी." त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं, जरा जास्त वेळ. मग तो नावेत बसला नाही. हमालांबरोबर पेलाभर वाइन घेतो, म्हणाला, धुकं पुरतं गेल्याशिवाय घाई नाही.

धक्क्यापासून इमारतीपर्यंत लांब रस्ता. तुल्लिओ गाडी ढकलत होता, आणि ढकलता ढकलता स्वतःवरच हसत होता. "मला खरंच वाटलं गं, घर आलं. झोप झाली नाही ना रात्री." त्याचा फोन वाजला. "आई असेल. तू घे, माझे हात अडकलेत."

"पोचलात का?" नॉर्माबाईंचा आवाज इतका उल्हसित होता की ओर्सोलानं आधी नंबर पुन्हा बघितला.

"पोचलो, आई. आत्ताच."

"बरं झालं. अगं, इथं धुकं कसं पार गेलं! स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि डोळेच दिपले. लग्न होऊन आले तेव्हापासून समोरच्यांच्या भिंतीकडे बघत भाजी चिरली मी, भरदिवसा दिवा लावून. आज समोर काहीच नाही. नुसतं आभाळ. खाली पाणी आणि वर आभाळ. इतका उजेड आलाय घरात, मला कळेना हा ठेवू कुठं."

ओर्सोलाची पावलं मंद झाली. फोन तिनं कानाशी घट्ट दाबला, शब्द बाहेर सांडू नयेत म्हणून.

"आई," ती हळू म्हणाली, "शेजारी कुणी दिसतंय का?"

"नाही गं, सगळे झोपलेत वाटतं. थांब, खाली जाऊन बघते."

"आई, खाली नका जाऊ."

पण सपाता जिन्यावर वाजू लागल्या होत्या. कडी सरकली. दार कुरकुरलं. मग पलीकडे वारा आला, गल्लीतला नव्हे, अडवायला काही नसलेला वारा. बराच वेळ नॉर्माबाईंचा श्वास ऐकू येत होता, अडकलेला, तान्ह्या पोराचा असतो तसा. मग त्या जवळजवळ कुजबुजल्या. सुनेशी बोलत नव्हत्या.

"अगं बाई... केवढं आहे हे."

"काय म्हणते आई?" तुल्लिओनं विचारलं.

तो थांबला होता. त्याच्या मागं काचेचं दार उघडत होतं, मिटत होतं, माणसं आत जात होती. ओर्सोलाला ठाऊक होतं की एका वाक्याचं काम आहे. एक वाक्य, आणि तो गाडी तिथंच टाकून धक्क्याकडे पळेल. आणि पळाला तर त्याचं चुकलं असं कुणीच म्हणणार नाही. तीही म्हणणार नाही.

"घरात खूप उजेड आलाय म्हणतात," ती म्हणाली.

"रडत नाहीये ना?"

"नाही. कधी नव्हत्या इतक्या खूश आहेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तुल्लिओचा चेहरा सैल झाला. तिनं फोन बंद केला नाही, तसाच आपल्या कोटाच्या खिशात सोडला. मग त्याच्या हातांशेजारी दोन्ही हात ठेवून तिनं गाडीला जोर लावला, आणि ती आत गेली. रांगेत उभं राहिल्यावरही खिशातून तो आवाज येत होता, बरगडीला लागून, फार रुंद पाण्याचा. तिच्या तोंडात हाळीचं उत्तर तयार होतं, पण उत्तर देणाऱ्यानं थांबायचं असतं. तिनं ओठ मिटून घेतले.